मालगुजाराचा रोवणा

नाशिक,
३ जून २०२४

प्रिय तुळसा,

फोनवर तू नुसती "हो, हो" करतेस आणि तुला ऐकू काहीच येत नाही, हे मला परवा कळलं. मी म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय, तर तू म्हणालीस, "छान, गोडधोड कर." म्हणून हे पत्र. मास्तरणीला वाचता तरी येतं.

बातमी अशी की आमच्या घराण्याचा इतिहास छापायचा ठरलाय. माझा भाचा मनिष सगळं बघतोय. मोहटोलीत धानाच्या शेताची पहिली बांधी कुणी पाडली, तलावाचा बांध, आपली पार, कशी बांधली, गावाची मालकी, म्हणजे मालगुजारी, कशी मिळाली, सगळं त्यात येणार. प्रकाशन दिवाळीनंतर, आपल्या गावात, तलावाच्या पारीवरच. आजोबांचं, म्हणजे पुंडलिकरावांचं प्रकरण माझ्याकडे आलंय. ते लिहून झालं, सोबत पाठवते आहे.

तुला वाचायला देण्यात माझा स्वार्थ आहे. ते दिवस डोळ्यांनी पाहिलेलं माणूस गावात आता एकच उरलंय, तुझी आई. चंदाकाकींना हे प्रकरण मोठ्यानं वाचून दाखव. त्यांनी "बरोबर आहे" म्हटलं की मला दुसऱ्या कुणाचा दाखला नको. शाळेतून येताना त्यांच्या हातचं भाजलेलं मक्याचं कणीस मी किती खाल्लंय. आमच्या घरी कळलं असतं तर माझी धडगत नव्हती, पण त्यांनी कधी कुठे शब्द काढला नाही. मला त्यांचा आशीर्वाद हवा आहे.

मला सर्वांत आवडलेला भाग शेवटी आहे. मालगुजारी गेल्यानंतरच्या पावसाळ्यात सगळं गाव आपण होऊन आमच्या बांध्यांत धान लावायला, रोवण्याला आलं, तो. लहानपणापासून घरात ऐकत आलेय. मी लिहिलंय, "कायद्याने मालगुजारी गेली, बेगारही गेली, पण पुंडलिकरावांचा दरारा असा की त्याही वर्षी गाव बेगारीला हजर झाले." वाक्य बरं जमलंय, नाही का?

वाट पाहते.
तुझी,
निर्मल


मोहटोली,
१९ जून २०२४

प्रिय निर्मल,

पत्र मिळालं, पाकीट जाड होतं म्हणून पोस्टमननं सिहोऱ्याहून खास आणून दिलं आणि चहा पिऊन गेला. गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. गोडधोड मात्र कर, त्यानं काही बिघडत नाही.

इकडे ऊन अजून उतरलं नाही. आमचे धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे आहेत, माझा भाचा अश्वजित रोज आभाळाकडे पाहतो आणि मोबाइलमध्ये पाहतो, दोन्हीकडे काही दिसत नाही. तुझा भाऊ मधुकरराव मागच्या महिन्यात येऊन पारीवरचं गवत काढायला सांगून गेले. गवत काढलं, आता जागा चांगली दिसते.

प्रकरण वाचलं. तलावाच्या पारीचं वर्णन सुरेख केलंस. वाघाची शिकार थोडी लांबली, वाघही कंटाळला असेल. तुझ्या आजीचं, रुखमिणीबाईंचं वाचून बरं वाटलं, पण त्यांच्या वाट्याला एवढंच? "त्या अत्यंत देवभोळ्या होत्या, गावदेवी मातामायला नवस बोलल्या होत्या, म्हणून घरचा रोवणा नेहमी सगळ्या गावाच्या शेवटी होत असे." बस, एका वाक्यात आजी संपली.

आईला अजून वाचून दाखवलं नाही. तिची तब्येत जरा नरम आहे. नव्वदीच्या पुढचं शरीर, एक दिवस खणखणीत, दुसऱ्या दिवशी मुकं. पुस्तकाचं तिला कळलंय, रोज विचारते, "निर्मलनं काय लिवलन?" मी म्हणते, वाचू, जरा थंडावा येऊ दे. अश्वजितनं वाचलं. तो काही बोलला, ते लिहिण्याजोगं नाही.

तब्येत सांभाळ.
तुळसा


नाशिक,
८ जुलै २०२४

प्रिय तुळसा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात बरंच काही लिहिलंय आणि काहीतरी लिहिलेलं नाही. सातवीत तू गणित चुकलीस की अशीच वही झाकून बसायचीस.

अश्वजित काय बोलला असेल याचा मी अंदाज केला. मालगुजाराचं कौतुक आज कायले, असंच ना? तो ग्रामपंचायतीत आहे, तरुण आहे, त्याचं म्हणणं मी समजू शकते. आणि मला वाटतं तूही मनातून नाराज आहेस की कार्यक्रमात तुम्हा लोकांना जागा काय. चूक माझीच, आधी लिहायला हवं होतं. चंदाकाकींची खुर्ची व्यासपीठावर असेल, पाहुण्यांच्या रांगेत. शाल, नारळ, साडी, सगळं. त्यांचा सत्कार मनिषच्या हातून करू. हे अश्वजितला सांग, म्हणजे त्याचाही राग निवेल.

पण आता वाचून दाखवच. मनिष ऑगस्टअखेर छापायला देणार म्हणतोय. चंदाकाकींनी ऐकल्याशिवाय मी "हो" म्हणणार नाही, असं मी त्याला सांगितलंय, आणि तो माझ्यावर चिडलाय. तुमच्या दोघींपायी भाच्याच्या शिव्या खाते आहे, एवढं तरी लक्षात ठेव.

तुझी,
निर्मल


मोहटोली,
४ ऑगस्ट २०२४

प्रिय निर्मल,

आमचा रोवणा परवा संपला. हात रिकामे झाले, आता कारण उरलं नाही, म्हणून लिहिते. रागावशील तर पत्र संपल्यावर रागाव.

शाल नको, नारळ नको. व्यासपीठावरच्या खुर्चीचाही प्रश्न नाही. मी आईला वाचून दाखवलं नाही कारण तुझं ते एक वाक्य तिच्या कानावर घालायची माझी हिंमत नाही. "गाव बेगारीला हजर झाले." त्या गावात माझी आई होती. सतरा वर्षांची, नवी नवरी. तिनं जे दिलं, ते तू घेतलेलं म्हणून लिहिलंस. मरायला टेकलेल्या बाईला मी हे कसं वाचून दाखवू? आणि ते वाक्य छापून आलं तर मी त्या दिवशी पारीवर येणार नाही. तुझी मैत्रीण राहीन, पण येणार नाही.

आता काय झालं होतं ते ऐक. हे मला माझ्या आजीनं, म्हणजे आईच्या सासूनं सांगितलं, आईनंही सांगितलं, आणि दोघींचं पटायचं नाही, तरी यात दोघींचं एकच आहे.

बेगार होती. तुझ्या प्रकरणात वाघाला दोन पानं आहेत आणि बेगारीला ते एकच वाक्य, तेही कौतुकाचं. पाऊस पडला की तुमच्या वाड्यावरून कोतवाल हाक देत फिरायचा आणि गावातल्या बायांनी आधी मालगुजाराच्या बांध्यांत उतरायचं. मजुरी नाही. तोवर आपल्या घरचा पऱ्हा तसाच उभा. पऱ्हा जुना झाला की मग लावून काय उपयोग? फुटवा येत नाही, लोंबी भरत नाही. आमच्या दोनच बांध्या होत्या. वर्षभराचं खाणं त्यात.

एका वर्षी पाऊस फार उशिरा आला. आजी तुमच्या मागच्या दारी ताक मागायला गेली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "बाई, आमचा परहा पिवळा पडून राहिला." रुखमिणीबाईंनी ऐकलं. ताक वाढलं, वरून, लांबून, जसं वाढायचे तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात गलका. बाईंच्या स्वप्नात मातामाय आली. म्हणाली, आधी गावाचा रोवणा, मग तुझ्या घरचा, नाहीतर घराला कोप होईल. पुंडलिकराव वाघाला भीत नसतील, मातामायला भीत होते. बाई तसा नवस बोलल्या, आणि त्या वर्षीपासून तुमचा रोवणा शेवटी. आजी हसत सांगायची, "मातामायनं एवढ्या लौकर कोनाचंच आयकलं नव्हतं. दोपारी मी बोलली, सकारी सपन पडलं." पुढे एकदा आजीनं बाईंना विचारलंच. बाई म्हणाल्या, "तुळशीत दिवा लावायची वेळ झाली, घरी जाय." पण हसल्या.

तुमच्या घरचं पीक त्यानं दर वर्षी कमी यायचं. बाईंनी तेही सोसलं, आणि नवऱ्याला मरेपर्यंत कळू दिलं नाही. निर्मल, तुझी आजी देवभोळी नव्हती ग. गावातली सर्वांत हुशार बाई होती.

मग मालगुजारी गेली. त्याच उन्हाळ्यात बाई गेल्या. पावसाळा आला, कोतवालाची हाक बंद. पुंडलिकराव ओसरीवर बसून. मजुरीनं बाया बोलवायच्या, तर जन्मात कुणाला "येता का" म्हटलेलं नाही, ते आता कसं म्हणणार? गावातले काही जण म्हणत होते, बरं झालं, सडू दे परहा. आणि त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

गावाचा रोवणा संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी आजी सगळ्या मोहल्ल्यांत फिरली. म्हणाली, बाईचा परहा पिवळा पडून राहिला. मालकाचा नाही म्हणाली, बाईचा. सकाळी साऱ्या बाया वाड्यासमोर. पुंडलिकराव उठून उभे राहिले. म्हणाले, "कायले आल्या? बेगार खतम झाली." त्यांना वाटलं असेल, थट्टा करायला आल्या. आजी म्हणाली, "मालक, गावाचा रोवना झाला. आता तुमचा. कायदा सरकारचा हाय, नवस मातामायचा हाय. कायद्यानं नवस खतम होते का?"

मदत म्हटलं असतं तर त्यांनी घेतली नसती. नवस म्हटला, घेतली. बाईंचा खोटा नवस गावानं खरा केला. तुमच्या घरी मात्र त्याची गोष्ट दराऱ्याची झाली.

आता तूच सांग, तुझ्या पुस्तकात काय लिहायचं ते.

तुळसा


मोहटोली,
६ सप्टेंबर २०२४

निर्मल,

महिना झाला, तुझं उत्तर नाही. ऑगस्टही संपला, म्हणजे पुस्तक गेलं असेल छापायला. मी लिहिलं त्याचा मला पश्चात्ताप नाही, पण तुला तोडायचं माझ्या मनात नव्हतं.

आईला ताप येऊन गेला. दोन रात्री धड नव्हत्या. शुद्धीवर आली आणि पहिलं काय विचारलं असेल? "पुस्तक आलं का?" मी म्हटलं, येते. आता यापुढे काय सांगू ते तू कळव. एका ओळीचं कार्ड टाक.

तुळसा


नाशिक,
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय तुळसा,

एका ओळीचं कार्ड मला कधी जमलंय?

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. आधी राग आला, तुझा. मग कुणाचा राग करायचा ते कळेना. दुसऱ्या दिवशी मनिषला फोन केला की छपाई थांबव. तो म्हणाला, "आत्या, एका वाक्यासाठी?" मग मधुकर आला, ठाण मांडून बसला. म्हणाला, गावातल्या ऐकीव गोष्टींवरून घराण्याची अब्रू उतरवायची का? दरारा होता म्हणूनच लोक आले. मी म्हटलं, दरारा होता तर ती सगळी आजोबांना भिऊन आली. मग कायदा झाल्यावर ज्यांना भ्यायचं काही कारण उरलं नाही, ती माणसं चिखलात कशाला उतरली? त्यावर तो ओरडला. आमच्याकडे अशीच रीत आहे. मग मी सांगितलं की हे प्रकरण बदलणार नसेल तर माझं नाव पुस्तकातून काढा. पंधरा दिवस आम्ही बोलत नव्हतो. शेवटी मनिष मधे पडला. तो म्हणाला, "काका, पणजीची ही गोष्ट खरी असेल तर सगळ्या पुस्तकात हीच एक वाचण्यासारखी आहे." पोरगं हुशार निघालं, रुखमिणीबाईंवर गेलं असावं.

म्हणून उत्तराला उशीर. हातात काही असल्याशिवाय तुला काय लिहिणार होते?

तुळसा, मला तुझे आभार कसे मानावेत ते कळत नाही, आणि मैत्रीत मानू नयेत हे माहीत असूनही मानते. तू मला आजी दिलीस. बहात्तर वर्षं मी तिला पोथीपुढे बसलेली एक मवाळ बाई समजत होते. आणि तुझ्या आजीचे, आईचे, त्या सगळ्या बायांचे उपकार तर आमच्या घराला माहीतच नव्हते. आम्ही त्याच धानाचा भात खाल्ला आणि वर ऐट मिरवली. माझा जन्म त्या पुढच्या साली. म्हणजे माझ्या आईच्या पोटात मी असताना घरात जो दाणा होता, तो त्यांच्या हातचा. हे लक्षात आलं तेव्हा मी एकटीच बसून रडले आणि मग तुझ्या आईला नाशिकहूनच नमस्कार केला.

वाघ काढून टाकला. त्याच्या जागी बेगारीची पानं आली आहेत, जशी होती तशी, कोतवालाच्या हाकेसकट. शेवट असा केलाय:

"पुंडलिकरावांच्या घरी पुढे वर्षानुवर्षे सांगितले जाई की त्या पावसाळ्यात गाव दराऱ्यामुळे आले. ते खरे नाही. गावावर रुखमिणीबाईंची माया होती, ती गावाने परत केली. आणि घेणाऱ्याला खाली पाहावे लागू नये म्हणून तिला नवसाचे नाव दिले. ज्या बायांवर या घराने बेगार लादली, त्याच बाया कोणी हाक न देता आल्या. त्यांचे आभार तेव्हा कोणी मानले नाहीत. ते या घराची नात आज मानते आहे."

हे वाचून दाखव. त्यांनी एक शब्द बदल म्हटलं तर बदलेन. आणि तू पारीवर येणार की नाही, ते कळव.

तुझीच,
निर्मल


मोहटोली,
२ ऑक्टोबर २०२४

प्रिय निर्मल,

काल सकाळी आईला अंगणात उन्हाला बसवलं आणि सगळं वाचलं. अश्वजितही दाराशी उभा होता, कामाला जायचं म्हणत होता आणि जात नव्हता.

बेगारीचं वाचताना ती मान हलवत होती. आजीचं आलं तेव्हा हसली, सासूशी आयुष्यभर भांडलेली बाई, डोळे पुसून हसली. तुझा शेवट मी वाचला. तिनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बराबर लिवलन पोरीनं. आमाले कोनी बोलावलं नव्हतं, आमी गेलो होतो." हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "आमी गेलो होतो." निर्मल, हे ऐकायला मिळालं, यासाठी मी तुझी ऋणी आहे. तुझ्या घरात तू काय काय सोसून हे पान लिहिलंस, त्याची मला कल्पना आहे.

आम्ही येणार. ती, मी, अश्वजितही. खुर्ची व्यासपीठावर नको, बायांमध्ये ठेव. मधुकररावांना माझा नमस्कार सांग, गवत पुन्हा वाढलंय, अश्वजित काढून घेतो म्हणाला.

आता एक शेवटचं. मी कागद घडी घालत होते तर आई म्हणाली, "मालक रडला होता, ते नाही लिवलन तिनं." मला हे माहीत नव्हतं. आजीनंही कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तसं तिनं सांगितलं.

आपल्याकडे रोवणा संपला की बाया मालकाला चिखल लावतात आणि खायला काही मागतात, तुला आठवत असेल. तुमच्या आजोबांना तो कधी कुणी लावला नव्हता. कोण लावणार? त्या दिवशी रोपांची शेवटची जुडी लावून बाया वर आल्या. ते बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे होते, तलावाकडे तोंड करून. डोळ्यांना धार लागलेली, थांबेना. वळले असते तर साऱ्या गावानं पाहिलं असतं. आजीनं आईला ढकललं, "जाय, तू नवरी आहेस, तुले काही म्हननार नाही. तोंडालेच लाव." आई ओंजळभर चिखल घेऊन गेली आणि पुंडलिकरावांच्या गालांना, डोळ्यांखाली, सगळीकडे फासला. ते तसेच उभे राहिले. मग वळले. बाया पोट धरधरून हसल्या आणि कुणाला काही दिसलं नाही.

आई म्हणाली, "हे पुस्तकात टाकू नोको म्हना. मानसाचं रडनं असं चारचौघात वाचू नाही."

म्हणून छापू नकोस. मधुकररावांनाही सांगू नकोस. पण तुझे आजोबा होते ते, तुला ठाऊक असावं असं मला वाटलं.

तुझी,
तुळसा